मॅडमना सांगितले

मी, अपर्णा रघुनाथ मगदूम, वय वर्षे एकोणसाठ, अविवाहित, निवृत्त क्रीडाशिक्षिका व लॅक्रोस प्रशिक्षक, मूळ राहणार मिरज, जिल्हा सांगली, सध्या मुक्काम इंटरनॅशनल सिटी, दुबई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोट दुखते, पण डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. आजार स्वादुपिंडाचा आहे आणि पुढचा उन्हाळा मी बघेन असे डॉक्टरांना वाटत नाही, तेव्हा थांबून राहण्यात अर्थ नाही.

इथल्या बँकेतल्या पैशांचा कागद इंग्रजी-अरबीत वेगळा केलेला आहे. हा कागद भारतातल्या मिळकतीचा, सामानाचा, आणि एका गोष्टीचा आहे जी मराठीतच लिहिली पाहिजे. का, ते पाचव्या कलमात येईल. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभ्रा केळुसकर हिने करावी. शुभ्रा २००८ ते २०१२ माझ्या शाळेच्या संघाची गोलकीपर होती. आता दुबईत ऑडिटचे काम करते. अंगावर येणाऱ्या चेंडूला तिने कधी पाठ दाखवली नाही. या कामाला तसेच माणूस हवे.

कलम २. अंत्यविधी. मला मिरजेला पाठवू नये. पेटी, कागद, विमान यांसाठी कोणी रांगेत उभे राहावे असे मला वाटत नाही. इथेच दहन करावे. भाषणे नकोत. शाळेकडून कोणी आलेच तर त्यांना चहा द्यावा, माईक देऊ नये.

कलम ३. घड्याळ. बाबांचे मनगटी घड्याळ मी पळवले असे माझा धाकटा भाऊ उपेंद्र तेवीस वर्षे सांगत आला आहे. घड्याळ माझ्याकडेच आहे. १९८७ साली राज्याच्या हॉकी संघात माझी निवड झाली त्या संध्याकाळी बाबांनी ते स्वतःच्या हातातून काढून मला दिले. उपेंद्र तेव्हा घरातच होता, पण जेवत होता. ते त्याला द्यावे. ते बंद आहे.

त्याने एकदा फोनवर विचारले होते, "ताई, जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा, हा काय मोठ्या माणसांचा धंदा आहे का?" मी तेव्हा फोन ठेवला होता. उत्तर आता देते. धंदा नव्हता रे, तेच माझे आयुष्य होते. लॅक्रोसच्या काठीच्या टोकाला विणलेली जाळी असते. चेंडू त्या जाळीत झुलवत पळायचे, धक्का बसला तरी पडू द्यायचा नाही, आणि सहा फूट चौकोनी गोलपोस्टमध्ये मारायचा. मी बावीस वर्षे हॉकी खेळले आणि चेंडू खाली जमिनीवर बघत पळले. या खेळाने मला मान वर करून पळायला लावले. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते.

कलम ४. खेळाचे सामान. मी १९९३ साली शारजाच्या एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका म्हणून आले. शाळेचे नाव लिहीत नाही. २००५ साली तिथे मिसेस हॉलिस नावाच्या अमेरिकन बाई आल्या, त्यांनी वीस काठ्या आणल्या, वर्षभर मुलींना खेळ शिकवला आणि नवऱ्याची बदली झाली तशा परत गेल्या. काठ्या स्टोअरमध्ये राहिल्या. मुली माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मिस, प्लीज, यू टेक अस." मी एक पुस्तक मागवले आणि सुरुवात केली.

वर्षात निम्म्या काठ्यांच्या जाळ्या तुटल्या. मुलींच्या काठ्यांना तयार जाळी चालत नसे, चामड्याच्या पट्ट्या आणि दोऱ्या हातानेच ओवाव्या लागत. ते काम करणारा इथे कोणी नव्हता. मैदानाची देखभाल तहसीनभाई मुकादम करायचे. हर्णै बंदराचे, दापोली तालुका. मैदानावर काम करणाऱ्यांत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. त्यांनी तुटकी काठी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"ही तर जाळीच मॅडम. मासा नाय, चेंडू धरायचा, एवढंच ना?"

"जमेल?"

"आमच्याकडं हे काम म्हातारे करतात. मी आताच म्हातारा झालो म्हणायचं."

तेव्हापासून आठ-नऊ वर्षे आमच्या प्रत्येक काठीची जाळी त्यांनी विणली. हमरिया फ्री झोनमध्ये त्यांच्या ओळखीचा एक वेल्डर होता, त्याच्याकडून पाइपचे दोन गोलपोस्ट करून आणले आणि त्यांना जाळी लावली. उन्हाचा आणि दमटपणाचा आकडा दाखवणारे यंत्र शाळेने घेतले, तेव्हा ते बघून रोज वहीत लिहायचे कामही त्यांच्याकडेच आले. पदाने ते मैदानाचे कामगार होते, पण त्या संघाचे अर्धे प्रशिक्षक होते, आणि हे मी आजवर कुठेही लिहून दिलेले नाही. मोसम संपला की आम्ही मुलींना बसने खोर फक्कानला न्यायचो. मुली समुद्रात, मी सावलीत, आणि तहसीनभाई तिथल्या मच्छीमारांशी मोडक्या अरबीत माशांच्या भावावरून वाद घालत. माझ्या नोकरीतले चांगले दिवस कोणते म्हणून कोणी विचारले तर मी तेच सांगेन.

त्यांच्या हातच्या सात काठ्या माझ्याकडे उरल्या आहेत. त्या काव्या नाईक हिला द्याव्यात. ती शुक्रवारी सकाळी बागेत मुलींना शिकवते. जाळ्या बदलू नयेत. चषक आणि ढाली भंगारात द्याव्यात. २०१६ ते २०२३ या काळातल्या युनिव्हर्सिटीच्या चषकांना तर हात लावायचीही मला इच्छा नाही. सात वर्षे मी तिथे मुख्य प्रशिक्षक होते. मग संघ बंद झाला, मैदानावर पॅडल या टेनिससारख्या खेळाची कोर्टे झाली आणि मला आभाराचे एक पत्र मिळाले, त्यात माझे आडनाव चुकवले होते. पण ती नोकरी मला कशी मिळाली हे ठाऊक असल्याने तक्रार केली नाही.

कलम ५. निवेदन. या कलमातला मजकूर मी प्रतिज्ञेवर लिहीत आहे.

रविवार, १३ सप्टेंबर २०१५. सुट्टीनंतरचा तिसरा आठवडा. दोन दिवसांनी अबू धाबीला सामना होता. बघायला अमेरिकेतल्या एका कॉलेजची प्रशिक्षक येणार होती, ती माझ्या केया पेंडसेसाठी. केया सतरा वर्षांची, बारावीत. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींत तिच्यासारखी दुसरी झाली नाही.

चारला दहा मिनिटे कमी असताना तहसीनभाई मैदान ओलांडून माझ्याकडे आले.

"मॅडम, तेहतीस दाखवतंय. बत्तीसला बंद करायचं असतं. खलास, आज नको."

"यल्ला तहसीनभाई, फक्त वीस मिनिटं. परवा अबू धाबी आहे."

"पोरी सुट्टीवरून आल्यात मॅडम. अंगाला सवय नाय अजून."

"मी बघते ना."

ते गेले. मी वीसची पन्नास मिनिटे केली. केयाने दोन सोपे चेंडू सोडले म्हणून मी तिला सहा फेऱ्या जास्तीच्या दिल्या. चौथ्या फेरीला वळायचे तिथे ती वळली नाही, सरळ पळत जाऊन कुंपणावर आदळली. मागे बघून हसली आणि पडली. मी पोचले तर अंग कोरडे, तव्यासारखे तापलेले, आणि ती मला "आई" म्हणत होती.

तहसीनभाईंनी तिला उचलले. निळा ड्रम उभा कापून त्यांनी एक टाकी केलेली होती. त्या दिवशी मी त्यांचे ऐकले नाही म्हणून त्यांनी कोणालाही न विचारता कॅन्टीनमधून बर्फ आणून ती भरून ठेवली होती. अँब्युलन्स येईपर्यंत केया मानेपर्यंत त्या बर्फात होती. ती जगली ती त्यामुळेच, असे डॉक्टरांनी मला सांगितले. अकरा दिवस ती आयसीयूत होती, पाच आठवडे डायलिसिसवर. मूत्रपिंडे पूर्ण बरी झाली नाहीत. ती पुन्हा पळाली नाही. कॉलेजने नंतर शुभेच्छांचे कार्ड पाठवले.

चार दिवसांनी चौकशी झाली. खोलीत शिरण्याआधी स्पोर्ट्स डायरेक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवले.

"अपर्णा, वन ऑफ यू विल हॅव टू गो. युनिव्हर्सिटी आस्क्ड अबाउट यू, आय सेड गुड थिंग्ज. थिंक."

आत ते, एचआरच्या बाई, मी आणि तहसीनभाई. टेबलावर त्यांची आकड्यांची वही होती. तहसीनभाई मराठीत लिहायचे, आकडेसुद्धा. आजवर ती कोणी उघडून बघितली नव्हती, त्यामुळे कोणाची अडचणही झाली नव्हती. डायरेक्टरांनी तेरा तारखेचे पान काढले आणि वही माझ्याकडे सरकवली.

"व्हॉट डज इट से?"

पानावर असे लिहिले होते: "३.५०. तेहतीस. मॅडमना सांगितले."

त्या खोलीत ते वाचू शकणारी माणसे दोन होती. मी म्हटले, "इट सेज, वॉटर फिल्ड. नो रीडिंग."

डायरेक्टरांनी तहसीनभाईंना ऐकून शिकलेल्या हिंदीत विचारले, हे बरोबर आहे का. तहसीनभाईंना इंग्रजी बोलता येत नसे, पण समजायचे. मी काय म्हटले ते त्यांना समजले होते. त्यांनी माझ्याकडे बघितले. फार वेळ नाही. मग म्हणाले, "मॅडम जो बोल रही हैं, वही सही."

उष्णतेची नोंद केली नाही आणि प्रशिक्षकांना कळवले नाही, या कारणावरून एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर आठ दिवसांत त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते स्टोअरची किल्ली द्यायला आले.

"दोन काठ्यांचं काम राहिलंय मॅडम. दोरी वरच्या फळीवर आहे."

मी म्हटले, "तहसीनभाई..."

ते म्हणाले, "पोरगी कशी आहे?"

"डायलिसिस चालू आहे."

"अल्ला बरं करील." आणि गेले.

पुढच्या जानेवारीत मी युनिव्हर्सिटीत मुख्य प्रशिक्षक झाले. डायरेक्टरांना या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. त्यांच्यावर माझा राग आहे, पण त्यांनी मला नुसते दार दाखवले होते. आत माझी मी गेले. मी खोटे बोलले. ते पान मी चुकीचे वाचले आणि मुद्दाम चुकीचे वाचले. तहसीन मुकादम यांनी त्या दिवशी त्यांचे काम चोख केले होते आणि माझेही केले होते.

कलम ६. वही. वही फाइल करायची म्हणून डायरेक्टरांनी माझ्याकडे दिली आणि मी ती पर्समध्ये घातली. दहा वर्षे ती माझ्याकडे आहे. का ठेवली ते मला सांगता येत नाही. फाडली नाही, एवढेच म्हणू शकते.

गेल्या ऑगस्टमध्ये आजार कळला. ऑक्टोबरमध्ये मी वही घेऊन हर्णैला गेले, तहसीनभाईंच्या हातात द्यायची आणि सांगायचे असे ठरवून. बंदराच्या वरच्या अंगाला त्यांचे घर आहे. दार त्यांच्या पत्नीने, हव्वाबींनी उघडले. तहसीनभाई चार वर्षांपूर्वी वारले होते. छातीत दुखले, दापोलीला नेईपर्यंत संपले. परत आल्यावर शेवटपर्यंत बंदरावर दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करत होते.

मी नाव सांगितले तशा हव्वाबींनी माझे दोन्ही हात धरले.

"तुम्ही मॅडम? तुमचं नाव ह्या घरात किती घेतलंय! सांगायचे ते, मॅडम साहेबाशी भांडल्या माझ्यासाठी. टेबलावर हात आपटला म्हणे. पण साहेबानं ऐकलं नाय."

मी दारातच चपला काढल्या.

"एकटी बाई असून माझ्या बाजूनं उभी राहिली, म्हणायचे. बसा. जेवल्याबिगर जायचं नाय."

ते घरी असे का सांगत होते, याचा विचार मी त्यानंतर रोज केला आहे. मला वाचवायला नक्कीच नाही. एकोणीस वर्षे काढली आणि आपल्यासाठी एकही माणूस उठून उभे राहिले नाही, हे बायकोला सांगायची माणसाला लाज वाटत असेल. म्हणून त्यांनी एक माणूस उभे केले, आणि त्याला माझे नाव दिले.

हव्वाबींनी सुरमई तळली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. वही माझ्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वही घेऊन परत आले.

परत आल्यावर मी या मृत्युपत्राचा पहिला मसुदा केला. त्यात लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर शुभ्राने वही हर्णैला न्यावी आणि वरचे कलम वाचून दाखवावे. तो मसुदा रद्द केला आहे, त्याचे कारण केया.

केया आता सत्तावीस वर्षांची आहे, शारजालाच असते. जानेवारीत ती संत्री घेऊन मला बघायला आली. बोलता बोलता म्हणाली, "कोच, तो ग्राउंडवाला काका, ज्याने मीटर चेक नाही केला, त्याचं पुढे काय झालं?" मी वही काढून तिच्यासमोर ठेवली. ती इथेच वाढली, मराठी अक्षरे लावून लावून वाचते. बोट ठेवून तिने ते पान वाचले. मग मी सगळे सांगितले. सहा फेऱ्यांचेही.

ती रडली नाही. म्हणाली, "टेन इयर्स, कोच. यू लेट मी हेट हिम फॉर टेन इयर्स. माझी मम्मी अजून त्याला शिव्या देते."

मी म्हटले, "मी सगळं लिहून ठेवतेय. मी गेल्यावर त्यांच्या घरी..."

"नो. टेल देम नाऊ. नॉट आफ्टर यू डाय. मेल्यावर सांगणं इज ईझी."

संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नमाज झाली असेल असा अंदाज घेऊन, मी हव्वाबींना फोन केला. सांगायला सात-आठ मिनिटे लागली. पानावरचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवले. मला वाटले लाइन गेली. मी विचारले, "हव्वाबी, ऐकताय ना?"

त्या म्हणाल्या, "मग तुम्ही आमच्या घरी जेवलात कशा?"

आणि फोन बंद झाला. त्यानंतर मी तीनदा केला. उचलला गेला नाही. चौथ्यांदा करणार नाही.

वही शुभ्राने स्वतः हर्णैला नेऊन हव्वाबींच्या हाती द्यावी. पोस्टाने पाठवू नये. पाचव्या कलमाची इंग्रजी प्रत, माझ्या सहीची, शाळेला आणि केयाच्या आईला या आठवड्यातच गेलेली आहे. शाळेकडून पोच आली आहे, उत्तर नाही. केयाच्या आईकडून काहीही आलेले नाही.

कलम ७. मिरजेचा फ्लॅट. मिरजेतला दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. त्यावर उपेंद्रचा किंवा अन्य कोणाचा हक्क नाही. तो मी श्रीमती हव्वाबी तहसीन मुकादम यांना देत आहे. ही भरपाई नाही, आणि शुभ्राने तो शब्द तिथे वापरू नये. हव्वाबींनी नको म्हटले तर का, असे विचारू नये, समजूत घालू नये, त्यांच्या मुलांकरवी निरोप देऊ नये. एकदा विचारावे, दारातच विचारावे. बसा म्हटले तर बसावे, न म्हटले तर निघावे.

त्यांनी नाकारला तर फ्लॅट विकून येईल ते हर्णैच्या सरकारी शाळेच्या मैदानासाठी द्यावे. तिथे कोणाच्या नावाची पाटी लावू नये. माझी तर नाहीच. तहसीनभाईंची लावावी असे मनात आले होते, पण ते ठरवायचा हक्क मला उरलेला नाही.

कलम ८. उरलेले. भांडी, कपडे, गाडी यांचे शुभ्राने तिला योग्य वाटेल ते करावे. माझी कोणाकडे काही मागणी नाही.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. त्यात खाडाखोड नाही. साक्षीदारांना मृत्युपत्रातला मजकूर कळायलाच हवा असे कायदा म्हणत नाही, तरीही पाचवे आणि सहावे कलम मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवले. विघ्नेशने सही केली. संजनाने माझ्याबरोबर त्याच शाळेत नऊ वर्षे काढली आहेत, चौकशीनंतर स्टाफरूममध्ये तिने मला मिठी मारली होती. ती उठून गॅलरीत गेली. आम्ही थांबलो. वीसेक मिनिटांनी आत आली, सही केली, आणि माझ्याकडे न बघता चप्पल घालून गेली. तिची सही खरी आहे.

सही
अपर्णा रघुनाथ मगदूम

साक्षीदार १: विघ्नेश मनोहर शिरसाट, शेजारी, इंटरनॅशनल सिटी, दुबई. (सही)

साक्षीदार २: संजना अरविंद खोत, शिक्षिका, शारजा. (सही)

ठिकाण: इंटरनॅशनल सिटी, दुबई
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६